एडी, लेरॉय आणि टक्केवारी: टूर्नामेंटच्या आकड्यांतून कॅरेक्टर जोखताना

'टेकन ३' या फायटिंग गेमवर वाढलेल्या मुंबईच्या पोरांना सगळ्यात तगडं कॅरेक्टर विचारलं की उत्तर ठरलेलं: एडी. खेळ न येणाऱ्याने एडी घ्यायचा, लाथांची दोन बटणं सुचेल तशी बडवायची, आणि समोरच्याने 'चीटिंग आहे यार' म्हणत कंट्रोलर पुढच्याच्या हातात द्यायचा. या मतामागेही डेटा होताच, फक्त तो हरलेल्यांच्या रागाचा होता. एडीला कुठे अडवायचं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांची नोंद त्यात कुणी घेतली नव्हती.

मी स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी केलं आणि सध्या लोअर परळच्या एका ऑफिसात कर्जांच्या आकडेवारीवर काम करतो. सूत्रं कॉलेजात शिकलो, पण आकड्यावर संशय कसा घ्यायचा ते फायटिंग गेम्सच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे स्पर्धेत कोण कोणाशी भिडणार त्या तक्त्यात, शिकलो. तुम्ही डेटाच्या कामाकडे वळणार असाल आणि गेमिंगचं वेड असेल, तर टायटॅनिकच्या प्रवाशांवरचा तोच तो सरावाचा प्रोजेक्ट बाजूला ठेवा आणि हे करून बघा.

प्रश्न वरवर सोपा आहे: अमुक कॅरेक्टर किती ताकदवान? सगळ्यांची पहिली धाव टॉप एटकडे, म्हणजे स्पर्धेतल्या शेवटच्या आठ जणांकडे. तिथे 'स्ट्रीट फायटर' मधले दोन केन दिसले की केन तगडा. पण समजा, ३२ जणांच्या स्पर्धेत ८ जणांनी केन घेतला होता. म्हणजे सुरुवातीला २५ टक्के केन, आणि शेवटच्या आठांत दोन, तेही २५ टक्केच. केन लोकप्रिय आहे, एवढंच यातून कळलं. म्हणून आधी किती जणांनी घेतला ते बघा, मग किती जण वर पोहोचले ते, आणि मग या दोन टक्केवारींचं गुणोत्तर काढा. त्याच स्पर्धेत एकट्यानेच लिली (त्याच गेममधलं दुसरं कॅरेक्टर) घेतली आणि तो आठांत आला, तर गुणोत्तर थेट ४ येतं. लगेच 'लिली चौपट भारी' म्हणून टियर लिस्ट, म्हणजे कॅरेक्टर्सची ताकदीनुसार उतरंड, बनवणारे आहेत. तो एकटा माणूस कोण होता, हे मात्र कुणी विचारत नाही.

गोम तिथेच आहे. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये 'टेकन ७' ची इव्हो, म्हणजे फायटिंग गेम्सची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली ती मुख्यतः काझुमी या कॅरेक्टरवर. 'टेकन ८' मध्ये काझुमी नव्हतीच, तरी २०२४ ची इव्हो त्यानेच जिंकली, निनावर. कॅरेक्टर बदललं, गेमही बदलला, माणूस तोच. उलटं उदाहरण हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांचं. २०२३ मध्ये तिथे 'स्ट्रीट फायटर ५' ला पदक होतं, भारताचेही दोघे उतरले होते. सुवर्ण मिळालं ते दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू यांना, आणि त्यांचं कॅरेक्टर होतं व्हेगा, जे टियर लिस्टच्या वरच्या रांगेत क्वचितच दिसायचं. एका पदकावरून व्हेगाला वर चढवायचं का? मी चढवणार नाही. वर्षानुवर्षं एकच कॅरेक्टर घासणाऱ्या माणसाचा तो निकाल आहे.

मग कॅरेक्टर आणि माणूस वेगळे करायचे कसे? त्याचं माझं लाडकं उदाहरण लेरॉय स्मिथ. हा 'टेकन ७' मध्ये डिसेंबर २०१९ मध्ये आला. जानेवारी २०२० च्या इव्हो जपानमध्ये टॉप एटमधल्या आठपैकी सहा जणांनी लेरॉय वापरला, आणि थायलंडचा बुक लेरॉयवरच जिंकला. आता इथे 'सहा' या आकड्याला नुसतं बघून थांबू नका. हे सहा जण वेगवेगळे होते, आधीपासून चांगले खेळाडू होते, आणि महिना-दीड महिन्यापूर्वीपर्यंत त्यांच्या हातात दुसरीच कॅरेक्टर्स होती, कारण लेरॉय तोवर बाजारातच नव्हता. खेळाडू तेच, बदललं फक्त कॅरेक्टर. शिवाय वर्षांचा सराव असलेलं आपलं मेन, म्हणजे नेहमीचं कॅरेक्टर, सोडून ही मंडळी नव्या गड्याकडे गेली, तेही एवढ्या मोठ्या स्पर्धेत. प्रयोगशाळेबाहेर याहून स्वच्छ तुलना सहसा मिळत नाही. पुढे पॅच (गेमचे अपडेट) आले, लेरॉयला नर्फ, म्हणजे कमकुवत, केलं गेलं, आणि ती गर्दी ओसरली.

म्हणून रेटिंग लावतानाही हेच लक्षात ठेवा. एलो, म्हणजे हार-जितीवरून खेळाडूला गुण देणारी पद्धत, सोपी आहे: १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. प्रत्येक खेळाडूचं रेटिंग काढा, त्यावरून किती सामने जिंकायला हवे होते ते काढा, आणि प्रत्यक्ष किती जिंकले त्याच्याशी ताडून बघा. पण एखादा जन्मभर झँगीफ हे एकच कॅरेक्टर खेळला असेल, तर त्याच्या रेटिंगमध्येच झँगीफ मुरलेला असतो. दोघांना सोडवणारं गणित नाही. कॅरेक्टर बदलणारे खेळाडू हवेतच. त्यातही सेट (दोघांमधली अनेक गेम्सची लढत) चालू असताना हरलेला काउंटरपिक करतो, म्हणजे समोरच्याच्या कॅरेक्टरला तोड म्हणून आपलं बदलतो, ती बदली वेगळी ठेवा, कारण ती समोरच्याला बघून केलेली असते.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. मिरर मॅच, म्हणजे दोघांनीही तेच कॅरेक्टर घेतलेले सामने, जिंकण्याच्या टक्केवारीतून काढून टाका, तिथे एक जिंकणार आणि एक हरणारच. डबल एलिमिनेशनमध्ये, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद होण्याच्या पद्धतीत, चांगला खेळाडू जास्त सामने खेळतो, त्यामुळे शंभर सामन्यांचा डेटा म्हणून जे दिसतं त्यातले तीस एकाच पोराचे असू शकतात. पॅचच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कधीच एकत्र करू नका. आणि १० पैकी ७ सामने जिंकले, म्हणजे ७० टक्के, असं छातीठोकपणे सांगण्याआधी विल्सनची रेंज, म्हणजे खरी टक्केवारी कुठून कुठपर्यंत असू शकते त्याचा अंदाज, काढा. ९५ टक्के खात्रीने ती साधारण ४० ते ८९ येते. १०० पैकी ७० असतील तर ६० ते ७८. पहिल्या रेंजमध्ये कॅरेक्टर टुकारही असू शकतं आणि राक्षसही.

डेटा कुठून आणायचा? स्पर्धांचे निकाल ठेवणाऱ्या स्टार्ट डॉट जीजी या साइटचा एपीआय (कोडमधून डेटा मागवायची सोय) फुकट आहे, खातं उघडून टोकन घ्यायचं. मिनिटाला ८० रिक्वेस्टची मर्यादा आहे, तेव्हा कोडमध्ये थोडी विश्रांती ठेवा. अडचण अशी की कोणी कोणतं कॅरेक्टर घेतलं, हे आयोजकाने भरलं तरच दिसतं, आणि आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत ते भरायला कुणाला वेळ नसतो. स्कोअर टाकला, पुढची नावं ओरडली, झालं. त्यावर माझा उपाय म्हणजे सेटअपशेजारी बसून मोबाईलवर शीट भरणं. खेळाडूचं टोपणनाव, कॅरेक्टर, गेमनिहाय निकाल, मध्ये बदललं का, पॅचचा आकडा. मॉनिटर पाठीवर घेऊन विरारहून लोकलने आलेली पोरं हसतात सुरुवातीला, मग स्वतःच येऊन विचारतात, 'माझा जेमी कॅरेक्टरविरुद्ध रेकॉर्ड काय आहे रे?'

आणि ही शीट भरताना एक गोष्ट नजरेत येते जी एपीआयमध्ये कधीच येत नाही: कोण आलंच नाही. अर्सलान जिंकेपर्यंत जगाच्या 'टेकन' डेटात लाहोर जवळपास नव्हतंच. पुढे कोरियाचा 'नी' (Knee) नावाचा नामांकित खेळाडू मुद्दाम तिथे जाऊन खेळला. व्हिसा, तिकिटाचे पैसे, शनिवारची शिफ्ट, या सगळ्या चाळण्या ब्रॅकेटच्या आधीच लागलेल्या असतात. ऑफिसात मी हेच करतो. ज्यांना कर्ज मिळालं त्यांचेच हप्ते दिसतात, ज्यांना नाकारलं ते शीटमध्ये नसतात. मुलाखतीत मला हा प्रश्न आला तेव्हा मी लेरॉयपासून सुरुवात केली होती. समोरच्या मॅडमना गेमचं काही माहीत नव्हतं, पण 'तेच खेळाडू, नवं कॅरेक्टर' म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवून पुढचं विचारायला सुरुवात केली.

सुरुवात करणार असाल तर एकच गेम घ्या, एकच पॅच, आणि मुंबईतल्याच स्पर्धा. पायथन येत नसेल तर शीटमध्ये पिव्होट टेबलवर (नोंदींची गटवार बेरीज करणाऱ्या तक्त्यावर) निम्मं काम होतं. खेळाडूंची खरी नावं लिहू नका, टोपणनावं पुरेत, आणि नोंदी घेण्याआधी आयोजकाला विचारा. प्रोजेक्ट दाखवताना टियर लिस्ट शेवटच्या पानावर ठेवा. पहिल्या पानावर सांगा की एकूण सामने किती, वेगवेगळे खेळाडू किती, आणि त्यांतल्या किती जणांनी कॅरेक्टर बदललं. तिसरा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असेल, तर टियर लिस्ट अजून बनवूच नका, पुढच्या स्पर्धेला शीट घेऊन जा.