मंचकिन खेळताय? मग या चुका टाळा

मंचकिन या पत्त्यांच्या खेळाचा डाव रटाळ झाला की लोक खेळाला नावं ठेवतात. खरा दोष बहुतेक वेळा भिडूंच्या भिडस्तपणाचा असतो. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा २००१ सालचा हा खेळ मुळात खोड्या काढण्यासाठीच केलेला आहे. ३ ते ६ भिडू, दार (यातून मॉन्स्टर निघतात) आणि खजिना (मॉन्स्टर मारल्यावर मिळतो) असे पानांचे दोन गठ्ठे, आणि जो आधी दहाव्या लेव्हलला पोचेल तो जिंकला. इथे "जाऊ दे ना, लढू दे त्याला" म्हणणारा भिडू डावाची मजा घालवतो.

तरी सगळ्यात महागात पडते ती उलटी चूक. दुसऱ्या लेव्हलवरचा बिचारा लढतोय, आणि निव्वळ गंमत म्हणून कुणीतरी त्याच्या मॉन्स्टरवर +१० चं, म्हणजे ताकद दहाने वाढवणारं पान टाकतं. हशा होतो. तासाभराने नवव्या लेव्हलवरचा भिडू दार उघडतो तेव्हा सगळे आपापल्या रिकाम्या हाताकडे बघत बसतात. शिवाय मॉन्स्टर फुगवणाऱ्या काही पानांनी खजिनाही वाढतो. म्हणजे तो तरीही जिंकला, तर तुम्हीच त्याला दोन पानं जास्तीची दिलीत! मी हे केलंय, एकदा नाही.

मग पानं साठवायची कशी? पाळी संपताना हातात ५च ठेवता येतात, उरलेली सगळ्यात खालच्या लेव्हलच्या भिडूला द्यावी लागतात. म्हणून वस्तू हातात दडवू नका, टेबलावर मांडा. आत्ता वापरता येत नसेल तर आडवी ठेवा. हातातली जागा खोडा घालणाऱ्या पानांसाठी असते. आणि लढाई सुरू झाल्यावर चिलखत चढवता येत नाही, हेही बरेच जण विसरतात.

मांडवली मोघम ठेवू नका. मदतीला एकच भिडू घेता येतो, त्यामुळे भाव त्याच्या हातात. "थोडा खजिना देईन" याला अर्थ नाही. किती पानं आणि पहिली निवड कुणाची, हे मदत घेण्याआधीच ठरवा. लेव्हल लढणाऱ्यालाच मिळते, फक्त मदतनीस एल्फ (पानाने मिळणारी एक जमात) असेल तर त्यालाही मिळते. नवव्या लेव्हलच्या एल्फला हाक मारताना एवढं आठवा.

नियमांतल्या चुका किरकोळ, पण भांडणं त्यांवरूनच होतात. ताकदीत बरोबरी झाली तर मॉन्स्टर जिंकतो, वॉरियरचा (हा पेशाही पानानेच मिळतो) अपवाद सोडून. हरत असताना पळायला फाशावर ५ किंवा ६ लागतात. १००० सोन्याच्या नाण्यांची वस्तू विकून लेव्हल घेता येते, पण दहावी नाही. ती मॉन्स्टर मारूनच. मेलात तर वस्तू जातात, लेव्हल राहते.

"मारला!" म्हणून लगेच खजिना ओढणाऱ्याचा हात धरा. इतरांना बोलायला वेळ द्यावा लागतो, आणि नियमपुस्तिकेत तो चक्क "सुमारे २.६ सेकंद" असा लिहिलेला आहे.

पान आणि नियम यांचं जुळलं नाही तर पानाचं खरं. तरीही वाद मिटला नाही तर पुस्तिका सांगते, मोठ्याने भांडा. शेवटचा शब्द खेळाच्या मालकाचा. त्यामुळे डबा कुणाचा आहे, हे बसण्याआधी बघून घ्या.