नवं बांधलेलं इंजिन हाताने फिरेना? या चुका टाळा

‘नवीन काम आहे, टाइट असणारच. चालून चालून मोकळं होईल.’ हे वाक्य महाडपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं, आणि अर्धं खरं आहे म्हणूनच घात करतं. पिस्टनवरच्या नव्या रिंगा होन केलेल्या (दगडाने बारीक रेघा पाडलेल्या) बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला घासतात, पहिले काही शे किलोमीटर इंजिन थोडं जड राहतं, इथवर बरोबर. पण मेन बेअरिंगमध्ये क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) आवळला गेला असेल तर तो चालून मोकळा होत नाही. तेलाचा थर मावायला तिथे जागाच नसते. बेअरिंगचा मऊ धातू तापून क्रँकला चिकटतो आणि नुकताच घासून आणलेला क्रँक पुन्हा घाट चढून कोल्हापूरला पाठवायची वेळ येते.

म्हणून सगळ्यात महागडी चूक आधी सांगतो: सेल्फने फिरत नाही म्हणून टोचन लावणं, किंवा उतारावर गाडी सोडून गियर टाकणं. सेल्फची ताकद मर्यादित असते, पुढून ओढणाऱ्या जीपला ती मर्यादा नाही. टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ) चुकलेलं असेल तर एका हिसक्यात व्हॉल्व्ह वाकतात. पुलीच्या नटावर लांब पाइप चढवून दोघांनी लोंबकळणं हेही त्याच जातीचं.

जड म्हणजे किती जड?

हाताच्या अंदाजावर जाऊ नका, मोजा. गाडी न्यूट्रलला, बाहेरचे फॅन-अल्टरनेटरचे पट्टे उतरवलेले, सगळे स्पार्क प्लग (डिझेल असेल तर हीटर प्लग) बाहेर. ‘टक’ वाजणारा टॉर्क पाना इथे कामाचा नाही, काटा किंवा डायल असलेला हवा. तो नसेल तर मासळीबाजारात असतो तसला हुकाचा ताणकाटा चालतो. पान्याच्या दांड्याला, क्रँक पुलीच्या नटाच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटिमीटरवर हुक अडकवा, दांड्याच्या काटकोनात ओढा आणि काटा दाखवील त्या किलोंना तीनने गुणा. १० किलो म्हणजे साधारण ३० न्यूटन-मीटर. पहिल्या हिसक्याचा आकडा सोडून द्या, क्रँक सावकाश फिरत असतानाचा घ्या.

छोट्या चार सिलिंडरच्या गाडीत तेल लावलेला नुसता क्रँक हाताने सहज फिरला पाहिजे. चारही पिस्टन बसवून, हेड न चढवता, २० ते ३५ न्यूटन-मीटर ठीक. ५०च्या पुढे गेलं तर थांबा. मोठ्या डिझेलला जास्त लागतं, तिथे कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. पण खरा उपयोग शेवटच्या आकड्याचा नाही, पायऱ्यांचा आहे. क्रँक बसला, मोजा. पहिला पिस्टन गेला, मोजा. दुसरा गेला, मोजा. प्रत्येक पिस्टनमागे जवळपास सारखीच वाढ दिसायला हवी. तिसऱ्याला आकड्याने एकदम १५ची उडी मारली तर आधीचे दोन उघडायचं कारणच नाही. ऑइल पॅनपर्यंत सगळं बांधून मग पहिल्यांदा पाना लावला, की हीच माहिती सगळं खोलून मिळवावी लागते.

नुसता क्रँकच जड

मेन बेअरिंगच्या कॅपा एकेक करून ढिल्या करा. एक ढिली करा, फिरवून बघा, पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळा, मग पुढची. जी ढिली करताच क्रँक सुटतो तिथे दोष. मग ती कॅप उतरवून बेअरिंगचा शेल (अर्धगोल पत्रा) उजेडात धरा, कारण तो बोलतो. दोन्ही कडांना चकाकी आणि मधला भाग तसाच राखाडी असेल, तर क्रँक घासताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गुळगुळीत भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई जास्त ठेवली गेली आहे आणि शेल तिच्यावर चढतोय. हा लेथवाल्याकडे परत न्यायचा माल आहे, शेलच्या कडा कानसून जुळवायचा नाही.

चकाकी एकाच ठिपक्यावर असेल तर शेल उलटा करा. बहुतेक वेळा त्या ठिपक्याच्या बरोबर मागे बारीकसा खड्डा दिसतो आणि खड्ड्यात एक कण. ५० मिलिमीटरच्या जर्नलला बेअरिंगमध्ये मोकळीक असते जेमतेम ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर. चिऱ्याच्या तांबड्या धुळीतला किंवा किनाऱ्यावरच्या वाळूचा एक कण सहज त्याहून जाड असतो. शेलची पाठ आणि ती बसते ती खोबण कोरडी, स्वच्छ हवी. तेल लावायचं ते फक्त आतल्या बाजूला. उदारपणे दोन्हीकडे तेल चोपडणारे बरेच आहेत, ते चुकतात.

सगळ्या कॅपा सारख्याच जड लागत असतील तर शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा. क्रँक ०.२५ मिलिमीटरने बारीक घासलाय आणि खोक्यातून ०.५०चे शेल निघाले, असं घडतं. घाईत कोणी पाठ बघत नाही. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे कॅपांची अदलाबदल. ब्लॉक आणि कॅपा एकत्र आवळून बोअर केलेल्या असतात, त्यामुळे दोन नंबरची कॅप चारवर गेली किंवा उलटी बसली की गोल गोल राहत नाही. नंबर आणि बाण बघा, बाण बहुधा पुलीकडे. आवळताना मधल्या कॅपेपासून बाहेर, तीन टप्प्यांत, आणि प्रत्येक कॅपेनंतर क्रँक एक फेरा.

मोकळीक तपासायला प्लास्टिगेजची तार (दाबून चपटी होते, तिच्या रुंदीवरून मोकळीक कळते) स्वस्त आणि पुरेशी आहे, मात्र जर्नल कोरडा हवा आणि आवळल्यावर क्रँक हलवायचा नाही. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकचा पुढे-मागे खेळ रोखणाऱ्या चकत्यांच्या) खाचा क्रँकच्या बाजूला. उलटे बसले तरी सुरुवातीला फिरतं, म्हणून हे लक्षात येत नाही. क्रँक पुढे-मागे ढकलून डायल गेजवर साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर खेळ दिसायला हवा. शून्य असेल तर वॉशर जाड आलेत.

पिस्टन गेल्यावर जड

ज्या पिस्टनला आकडा उडाला त्याच्या कनेक्टिंग रॉडचे नट ढिले करा. लगेच मोकळं झालं तर दोष रॉडच्या बेअरिंगचा: कॅप उलटी, दुसऱ्या रॉडची, किंवा शेल चुकीच्या साइजचा. रॉड आणि कॅपमधल्या शेलच्या खाचा सहसा एकाच बाजूला येतात. नीट बसलेला रॉड बोटाने क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो तिथे) डावी-उजवीकडे किंचित सरकतो. सरकत नसेल तर पुढे जाऊ नका.

नट ढिले करूनही जड असेल तर दोष वर आहे. रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ७५ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगेची फट ०.३० मिलिमीटरच्या आसपास लागते. फट शून्याजवळ असेल तर इंजिन गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअरवर ओरखडे उठतात. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगमधल्या पन्हाळीदार पट्टीची टोकं एकमेकांवर चढली, तरी तो पिस्टन दगडासारखा बसतो.

होनिंगच्या दगडाची बारीक पूडही इथेच नडते. बोअर डिझेलने धुऊन ती निघत नाही, उलट रेघांत जाऊन बसते. गरम पाणी, कपड्यांचा साबण, ताठ ब्रश, आणि पांढरं फडकं तेलात बुडवून पुसल्यावर करडं होईनासं होईपर्यंत. धुतल्याबरोबर कोरडं करून तेल. आपल्याकडे जूनच्या हवेत उघडा बोअर दुपारी धुतला की संध्याकाळपर्यंत तांबूस होतो. चिपळूण-महाडने २०२१च्या जुलैत पाहिला तसल्या पुरात बुडालेलं इंजिन असेल तर तेलाच्या मार्गांचे प्लग काढून आत तारेचा ब्रश घाला. हवा मारून चिकट गाळ निघत नाही.

फिरतं, पण एका जागी ‘ठक्क’

हे जडपण नव्हे, ही धडक आहे. पान्याला जोर लावू नका. थोडं मागे घ्या आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असतो. टायमिंगचा पट्टा चढवल्यावर क्रँकच्याच नटाने, चालत्या दिशेने, पूर्ण दोन फेरे हाताने फिरवल्याशिवाय सेल्फ मारू नये. प्लग बसवल्यावरच अडत असेल तर सिलिंडरमध्ये तेल किंवा पाणी साचलंय, प्लग काढून बाहेर उडवा.

गियरबॉक्स चढवल्यावर अडलं

गियरबॉक्स हाताने ब्लॉकला टेकला पाहिजे. बोटभर फट राहिली आणि ती बोल्टने ओढून मिटवली, तर शाफ्ट क्लच प्लेटच्या मध्यात गेलेला नाही आणि दाब थेट क्रँकवर आलाय. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नव्हता. फ्लायव्हीलला लांब बोल्ट लागलेत का, तेही बघा.

हाताने मोकळं, सेल्फने जड

इथे इंजिन निर्दोष आहे. ब्लॉकला नवा रंग मारला आणि अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली, किंवा खाऱ्या हवेने तिचं टोक हिरवं पडलंय. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी ब्लॉकच्या उघड्या धातूला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर पट्टीखालचा रंग खरवडा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर आधी ती चार्ज करा.

बांधून ठेवलेलं, आता जाम

मे महिन्यात बांधलं, गाडी गणपतीत बाहेर काढायची ठरली, आणि मधले तीन महिने इंजिन पडवीत. रिंगा बोअरला गंजून बसतात. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग पान्याने पुढे-मागे हलकेच हलवत राहा. सुटलं तरी हेड काढून बोअर बघावाच लागतो. रिंगेच्या उंचीवर तांबडा पट्टा दिसला तर पुन्हा होनिंग. ठेवायचंच असेल तर प्लग बसवा, दर आठवड्याला सव्वा फेरा फिरवा म्हणजे रिंगा एकाच जागी राहत नाहीत, आणि मॅनिफोल्डची (हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची) भोकं टेप लावून बंद करा. नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते, आणि पहिल्या स्टार्टला ती माती सरळ नव्या बोअरमध्ये जाते.