इंग्लंडमध्ये क्रिकेट क्लब शोधताय? ‘पैसे घेणार नाही’ यावर विसंबू नका

क्लबचा होकार आला म्हणजे हंगाम पक्का झाला, असं धरून चालू नका. होकार मिळवणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. मी डावखुरी फिरकी टाकतो, चार-पाच नंबरला फलंदाजी करतो, राज्याकडून खेळलोय आणि अजूनही दर हिवाळ्यात क्लबांना ईमेल पाठवत असतो. त्यामुळे हे पोहून पलीकडे गेलेल्या माणसाचे सल्ले नाहीत.

इंग्लंडमधला माझा पहिला हंगाम व्हिसावर बुडाला. उत्तरेतल्या एका क्लबने विमानभाडं, राहायला खोली आणि जेवण देऊ केलं होतं, मानधन नव्हतं. मध्यस्थ म्हणाला, पैसे घेत नाहीस ना, मग व्हिजिटर व्हिसावर जा, सगळे जातात. अर्ज नाकारला गेला. फी गेली, उन्हाळा गेला, आणि तो नकार त्यानंतरच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो. आजही लिहितो.

हे नीट समजून घ्या, कारण पोरं इथेच अडकतात. ब्रिटनच्या नियमांत व्यावसायिक खेळाडू कोण, हे पैशावरून ठरत नाही. व्याख्येत ‘मानधन घेणारा किंवा न घेणारा’ असं सरळ म्हटलंय. खेळातून आज कमावता का, एवढंच ते बघत नाहीत. आधी कधी कमावलंय का, पुढे कमवायची इच्छा आहे का, हेही बघतात. गेल्या दोन वर्षांत देशाकडून किंवा राज्याकडून खेळला असाल तरी तुम्ही व्याख्येत येता, आणि ही गणना सतरा वर्षांखालच्या संघापासून सुरू होते. म्हणजे गेल्या मोसमात कूचबिहार ट्रॉफी (एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघांची स्पर्धा) खेळलेला एकोणीस वर्षांचा पोरगा ‘मी तर हौशी’ म्हणाला, तरी त्यांच्या लेखी तो हौशी नाही. त्याने एक पौंडही घेतला नसला तरी नाही.

विद्यार्थी व्हिसाचंही तेच. शिकायला जाऊ आणि शनिवारी क्लबचे प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, म्हणून खेळू, हा बेत खूप जण करतात. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरही व्यावसायिक खेळाडू होता येत नाही. भारतीय पदवीधरांसाठी 2023 मध्ये सुरू झालेली, सोडत काढून मिळणारी दोन वर्षांची यंग प्रोफेशनल्स योजना आहे, तीही या बाबतीत बंद. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा आहे म्हणून शुक्रवारी संध्याकाळी क्लबच्या मुलांना कोचिंग देऊन चार पैसे घ्यावेत, तर तेही बसत नाही. राहायला दिलेली खोली हासुद्धा मोबदलाच, हे क्लबच्या खजिनदारालाही कधी कधी ठाऊक नसतं. तो बिचारा आठवडाभर दुसरीकडे नोकरी करून क्लबचे हिशेब बघतो. तुमच्या पासपोर्टची काळजी तुम्हीच घ्यायची आहे.

घाबरू मात्र नका. राज्याकडून कधी खेळला नसाल, क्रिकेटवर पोट भरायचा विचार नसेल आणि लेस्टर किंवा लीड्समध्ये शिकताना निव्वळ आवडीसाठी तिसऱ्या संघात खेळणार असाल, तर खुशाल खेळा. असे क्लब ढिगाने आहेत आणि चांगला क्षेत्ररक्षक त्यांना नेहमीच कमी पडतो. हे नियम ज्याला ‘ओव्हरसीज’, म्हणजे क्लबने परदेशातून बोलावलेला खेळाडू, म्हणून जायचंय त्याच्यासाठी आहेत.

त्याच्यासाठी सरळ रस्ता एकच: इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. त्याला क्लबकडे गृहखात्याचा स्पॉन्सर परवाना लागतो, आणि तुमच्या नावाला इंग्लंडच्या बोर्डाची, म्हणजे ईसीबीची, मान्यता लागते. ती मान्यता तुम्ही वरच्या दर्जाचं किती खेळलाय यावर मिळते. निकषांचा चालू हंगामाचा कागद काढून स्वतः वाचा. म्हणून क्लबला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: परवाना आहे का? आधी कुणाला स्पॉन्सर केलंय का? विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या क्लबकडे वळा, मग तो कितीही गोड बोलू दे. आपल्या बीसीसीआयच्या स्पर्धांत खेळत असाल तर राज्य संघटनेचं ना-हरकत पत्रही वेळेत मागून ठेवा.

मध्यस्थांबद्दल माझं मत कडक आहे: खेळाडूकडून आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. सगळे लुबाडतात असं नाही. पण खेळायची संधी शोधायला एजंट नेमणं हीसुद्धा त्या व्याख्येतली एक खूण आहे. तुमच्याच पैशाने नेमलेला माणूस तुम्हाला व्यावसायिक ठरवतो आणि वर सांगतो, व्हिजिटरवर जा! अर्जात खोटं लिहायला सांगणारे तर थेट दहा वर्षांच्या बंदीच्या वाटेवर नेतात. त्यापेक्षा तिथे एखादा हंगाम खेळून आलेल्या सीनियरला गाठा. अकादमीच्या मोठ्या नावाच्या कोचपेक्षा तो जास्त कामाचा असतो, कारण कुठल्या क्लबने कबूल केलेलं पाळलं हे त्याला माहीत असतं.

आता क्रिकेट. बहुतेक लीगमध्ये क्लबला एकच परदेशी खेळाडू घेता येतो, म्हणून अष्टपैलूला मागणी असते, आणि म्हणूनच अपेक्षाही जबर असतात. पंचवीस धावा आणि चार षटकं या हिशेबाने कुणी विमानभाडं देत नाही. पहिल्या चारात फलंदाजी आणि कोट्याची सगळी षटकं, हे त्यांचं गणित. 1952 साली भारताचे अष्टपैलू विनू मंकड लँकेशायर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. लीड्सच्या कसोटीत भारताची शून्यावर चार बाद अशी अवस्था झाल्यावर त्यांना क्लबकडून मोकळं करून घेतलं, आणि लॉर्ड्सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, वर इंग्लंडच्या पहिल्या डावात 73 षटकं टाकून पाच बळी घेतले. सामना भारत हरला. पण क्लबला ‘प्रो’कडून काय हवं असतं, याचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून त्याच लीगमधल्या नेल्सन क्लबकडून खेळले, कपिल देव 1981 मध्ये नेल्सनकडूनच. ही माणसं ज्या मैदानांवर खेळली तिथे आजही शनिवारी गावातले सुतार, शिक्षक, प्लंबर खेळतात. त्यांना कमी लेखू नका. एप्रिलमध्ये ते तुम्हाला झोपवतात.

एप्रिल खरंच कठीण असतो. बोटं बधिर होतात, खेळपट्टी ओलसर आणि संथ, चेंडू थांबून येतो. ड्राइव्हवर वाढलेल्या आपल्या फलंदाजांचे झेल कव्हरला जातात. मुंबईच्या पोरांना इथे एक फायदा आहे: 1948 पासून भर पावसाळ्यात चालणारी कांगा लीग. त्या ओल्या विकेटवर ज्याने उशिरा, मऊ हातांनी खेळायची सवय लावली, त्याला एप्रिलची कमी भीती. बाकीच्यांनी एक तरी मोसम कांगा खेळून पाहावी. मी पुण्याकडचा असूनही हे म्हणतोय. आणि फिरकीवाल्यांनो, पहिले काही आठवडे चेंडू वळत नाही म्हणून खचू नका. धावा रोखा, जूनमध्ये खेळपट्ट्या कोरड्या होऊ लागतात.

रील्स पाठवू नका. क्लबवाले स्कोअरकार्ड बघतात. ईमेलमध्ये मुख्य कौशल्य कुठलं ते आधी, मग गेल्या दोन मोसमांतले आकडे, सामन्यांच्या दर्जासह. ऑक्टोबर ते जानेवारी हा शोधाचा काळ. मार्चमध्ये जागा शोधणं म्हणजे कुणाच्या दुखापतीची वाट बघणं.

होकार आला की सगळं लेखी घ्या: भाडं कोण भरणार, किट कुणाचं, पावसाने सामना गेला तर मानधन मिळणार का, कव्हर्स ओढणं आणि मुलांचं कोचिंग कामात धरलंय का. बहुधा धरलेलं असतं, आणि ते मनापासून केलंत तर पुढच्या वर्षीचं बोलावणं तिथूनच येतं. लहान मुलांसोबत काम असल्याने चारित्र्य तपासणी होते; भारतातून निघण्याआधीच पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचं प्रमाणपत्र काढा. गाडीचा परवानाही सोबत न्या. भारतीय परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, आणि रविवारी खेड्यांतल्या बसचा काही भरवसा नसतो.