मे महिन्यात मॉडेल गाडीला रंग मारताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या लांबीच्या) मॉडेलवर स्प्रे मारला, की रंगाचे बारीक थेंब बॉडीपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत सुकतात आणि बॉनेट हाताला खरखरीत लागतं. म्हणून रंगकाम भल्या सकाळीच उरकावं. कूलर बंद, त्याच्या दमट हवेने लॅकरवर (झटकन वाळणाऱ्या चकचकीत रंगावर) पांढुरकी झाक येते, ती वेगळीच कटकट. स्प्रेचा डबा बॉडीपासून १५-२० सेंटीमीटरवर धरून पातळ हात द्यावेत. तरी खरखर राहिलीच, तर रंग पूर्ण वाळल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर (अगदी बारीक पॉलिश पेपर) भिजवून हलका फिरवा, कडा मात्र सोडून. तिथला रंग आधी उडतो. आणि बॉडी गच्चीवर उन्हात वाळत घालू नका, ती काय पापड नाही! पातळ प्लास्टिक वाकू शकतं.