खोडीचा घोडा घ्यावा की सोडावा?

सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात देखणा घोडा स्वस्तात मिळतोय, पण चावतो किंवा लाथ मारतो असं कळतं. मग हे करा:

१. सकाळी न सांगता, खोगीर चढवायच्या आधी पोचा. छातीवर, खोगिराच्या जागी घाम किंवा वाळलेले पांढरे डाग दिसले, तर त्याला आधीच दमवलेलं आहे.

२. कण्यापासून चार बोटं सोडून खांद्याकडून कमरेपर्यंत बोटांनी दाबत या. दरवेळी त्याच जागी पाठ दबली, कान मागे गेले, तर तिथे दुखतंय. दाढांच्या रेषेवर गाल बाहेरूनच दाबा. डोकं झटकलं तर दाढांना धार आलेली असू शकते. अशी खोड इलाजाने सुटू शकते, म्हणून पशुवैद्याला दाखवून मगच भाव करा.

३. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) मालकालाच आवळू द्या, आधी त्यालाच बसू द्या.

४. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काल ओठ लोंबत, मान टाकून गरीब उभा होता आणि आज बिथरलाय? गुंगीचं औषध दिल्याचा दाट संशय धरा.

मागच्या पायांवर उभा राहून उलटा कोसळणारा घोडा मात्र फुकटातही घेऊ नका. स्वार खाली चिरडतो.