आधी मनसर, मग नगरधन, रामटेक शेवटी

रामटेक म्हटलं की आपण नागपूरकर सरळ गडमंदिर गाठतो, रामाचं दर्शन घेतो, खिंडसीवर बोटीत बसतो आणि दिवेलागणीला घरी. मी आईला घेऊन दर हिवाळ्यात जाते, ती मात्र आधी मनसर, मग नगरधन आणि सगळ्यांत शेवटी रामटेक अशी. या तिन्ही गावांत एकाच घराची गोष्ट विखुरली आहे आणि ती या क्रमाने नीट उलगडते.

घर वाकाटकांचं, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याचं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान होती, म्हणून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याचा कारभार तिने स्वतः चालवला. एवढं डोक्यात ठेवा आणि सकाळी सातला निघा.

कामठी, कन्हान ओलांडून जबलपूरच्या रस्त्याने साधारण तासाभरात मनसर येतं. तिथे हिडिंबा टेकडी विचारा. टेकडीभर विटांचं प्रचंड बांधकाम आहे, खाली तलाव. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं बरेच अभ्यासक मानतात. सावली जवळजवळ नाही, म्हणून ही जागा सकाळीच करायची. कोवळ्या उन्हात विटांचे थर वेगवेगळे दिसतात, दुपारी सगळं सपाट वाटतं. विटांवर चढू नका, त्या निसटतात. पाणी आणि शिदोरी घरून न्या. आमच्या डब्यात सांबारवडी, तिखट पुऱ्या आणि चार संत्री ठरलेली.

तिथून रामटेक गाव ओलांडून पुढे सात-आठ किलोमीटरवर नगरधन. इथे घाई करू नका. नोव्हेंबरात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेलं असतं, बांध्यांमध्ये कडपा पसरलेल्या असतात आणि हवेला ओल्या तणसाचा वास. वाकाटकांची आधीची राजधानी नंदिवर्धन ती हीच. आज दिसतो तो कोट मात्र भोसल्यांच्या काळातला. आत एक बावडी आहे, पायऱ्या उतरत गेलं की जमिनीखाली देवी. मागच्या वर्षी कोटाजवळ बकऱ्या चारणारे एक आजोबा आईला म्हणाले, "बाई, कोट पायला आल्या का? मंग देवीले भेटल्याशिवाय जाऊ नोका." पायऱ्या ओलसर असतात, चप्पल घसरते, हात धरून उतरा.

नगरधनच्या उत्खननात मातीचा एक छोटासा मुद्रांक सापडला. त्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचं नाव आहे. हे आधी सांगून ठेवलं की सोबतची मुलंसुद्धा पायाखालची माती जपून तुडवतात.

रामटेकला तीनच्या सुमारास पोचा. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांचा आग्रह धरू नये. वांदरं खूप, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. रामाच्या दर्शनाला जाण्याआधी केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही दोन मंदिरं विचारून शोधा. दोन्ही लहान, तांबूस दगडाची, वाकाटक काळातली. आतला नृसिंह हिरण्यकश्यपूला फाडत नाही. तो एकटा, ऐसपैस बसलेला आहे. एवढा शांत नृसिंह मी दुसरीकडे पाहिला नाही.

केवल नृसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे, बराच झिजलेला. लेकीने आईच्या, म्हणजे प्रभावतीच्या, स्मरणार्थ देवालय उभारलं असं अभ्यासकांनी त्यातून वाचलं आहे. त्याला हात लावू नका, पाणी किंवा खडू तर नाहीच. छोटी टॉर्च न्या आणि उजेड समोरून न मारता बाजूने तिरपा धरा, म्हणजे अक्षरांच्या कडा उठून दिसतात.

आईला ब्राह्मी येत नाही. तरी ती पदर सावरून तिथे बसते आणि मला म्हणते, "टॉर्च जरा डावीकडे धर."