गावातल्या सगळ्या मंडळांना एकत्र आणून बायकांची नावं मतदारयादीत कशी घालायची

बचतगट, भजनी मंडळ, अंगणवाडीताई, आशाताई सगळ्या बायकांसाठीच झटतात, पण एका सतरंजीवर क्वचित बसतात. त्यांना एकत्र आणायचं तर मागणी एकच धरा: अठरा वर्षं पूर्ण झालेल्या गावातल्या प्रत्येक बाईचं नाव यादीत हवं. दारू, पाणी, कर्ज या बैठकीत काढू नका. ते विषय जिव्हाळ्याचे आहेत, म्हणूनच त्यावरून फाटाफूट होते.

1931 साली अखिल भारतीय महिला परिषद आणि आणखी दोन देशव्यापी महिला संघटनांनी असंच केलं. राखीव जागा मागाव्यात की नाही यावर बायकांमध्ये दोन तट होते. मत तेव्हा मुख्यतः मालमत्ता असणाऱ्यांनाच मिळायचं. तिन्ही संघटनांनी मिळून एकच निवेदन दिलं: प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत. तो हक्क राज्यघटनेने दिला. मला त्या बायकांचा फार आधार वाटतो.

बैठक शाळेत घ्या, कुठल्याही मंडळाच्या जागेत नको. नाहीतर बाकीच्या पाहुण्यासारख्या बसतात. अध्यक्ष नेमू नका, कामं वाटा. नवी सून कुठे आली हे आशाताईंना ठाऊक असतं. अर्ज भरायला बचतगटाच्या सचिव. म्हाताऱ्या बायका भजनी मंडळाचंच ऐकतात.

मग बीएलओंकडून, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, यादी घेऊन घराघराप्रमाणे मोठ्याने वाचा. यात घाई नको, खरं काम इथेच आहे. "शेवटच्या घरातली धाकटी कुठाय?" असं कुणीतरी विचारतं आणि कळतं, लग्नाला चार वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या यादीत आहे. तिच्यासाठी फॉर्म 8. नाव कुठेच नसेल तर फॉर्म 6. पोरगी सतरा वर्षांची असली तरी आगाऊ अर्ज करता येतो.

नाव बाईच्याच तोंडून घ्या, आधारकार्डाशी ताडून पाहा. नवरा किंवा सासू सांगेल ते लिहू नका. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कितीतरी बायकांनी "अमक्याची बायको" एवढंच सांगितलं आणि सुमारे 28 लाख नावं गाळावी लागली. हे आठवलं की मला अजून राग येतो.

अर्जाचा क्रमांक एकाच वहीत लिहा. वही दर महिन्याला दुसऱ्या मंडळाकडे द्या, म्हणजे काम कुणा एकीचं होत नाही. नवी यादी लागली की पुन्हा सगळ्याजणी बसून वाचा.